सत्ता तोगे: बाबांबरोबर जुन्या तोकाइदोवर तीन दिवस

बाबा मे महिन्यात पहिल्यांदा जपानला आले. आई ताईच्या बाळंतपणासाठी पुण्यात थांबली होती म्हणून एकटेच आले. मी विचारलं काय काय बघायचंय, मला वाटलं क्योतो म्हणतील नाहीतर बुलेट ट्रेन, तर म्हणाले "एखादा घाट दाखव इथला". बाबांची ३१ वर्षं मध्य रेल्वेत पी-वेमध्ये गेली, म्हणजे रुळांची देखभाल, आणि त्यातली निम्म्याहून जास्त कर्जत-लोणावळा घाट सेक्शनला. लहानपणी पावसाळ्यात बाबा रात्री घरी नसायचेच. मंकी हिल, ठाकुरवाडी, दरड, हिल गँग हे शब्द आमच्या घरात भाजीपाल्यासारखे वापरले जायचे. त्यामुळे घाट म्हटल्यावर मला फार विचार करावाच लागला नाही, मी म्हटलं सत्ता तोगे.

तोगे म्हणजे घाटमाथा, खिंड. हा शब्द ज्या चित्राक्षराने लिहितात ते चीनमधून आलेलं नाही, जपान्यांनी स्वतः बनवलेलं आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला वर आणि खाली, झालं तोगे. आणि तोकाइदो म्हणजे एदो (आताचं तोक्यो) ते क्योतो हा समुद्राच्या कडेने जाणारा जुना राजरस्ता, वाटेत ५३ मुक्काम. त्यातला १६ वा युई आणि १७ वा ओकित्सु, आणि या दोघांच्या मध्ये डोंगर थेट समुद्रात उतरतो तिथे हा घाट आहे.

पहिला दिवस

गोल्डन वीकची (एप्रिल-मेमधल्या लागोपाठच्या सुट्ट्यांची) गर्दी संपल्यानंतरचा आठवडा मुद्दाम निवडला होता. तोक्योतल्या निशी-कासाईहून सकाळी निघालो, तोक्यो स्टेशनहून कोदामा शिंकान्सेनने (म्हणजे बुलेट ट्रेनने) मिशिमा आणि तिथून तोकाइदो लाईनची साधी लोकल. शिन-कानबाराला उतरलो ते घाटासाठी नाही तर वाळवणासाठी. जवळच फुजिकावा नदीचं मोठं पात्र आहे आणि मासेमारीच्या मोसमात, रात्री बोटी गेल्या असतील आणि ऊन चांगलं असेल तर तिथे साकुरा एबी वाळत घालतात. साकुरा एबी म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी गुलाबी कोळंबी, जपानमध्ये तिची मासेमारी फक्त या सुरुगाच्या आखातात होते. हे आखात जपानमधलं सगळ्यात खोल, सुमारे २५०० मीटर, आणि ही कोळंबी दिवसा खोल पाण्यात राहते नि रात्री वर येते, म्हणून बोटी रात्री जोडीने जातात.

आमचं नशीब चांगलं होतं. पात्रात काळ्या जाळ्यांच्या लांबच लांब पट्ट्या अंथरलेल्या आणि त्यावर सगळा गुलाबी थर, आणि मागे फुजी, मे महिना असूनही वरचा भाग पांढराच. बाया टोपडी बांधून हाताने पसरत होत्या. बाबा कठड्यापाशी गेले, वाकून वास घेतला आणि वळून म्हणाले "अगं हा जवळा". आमचं मूळ गाव हर्णैजवळ, तिथे किनाऱ्यावर असंच जवळ्याचं वाळवण असतं, वास तोच, फक्त इथे रंग जास्त. मी सांगितलं की ही कोळंबी सापडली ती १८९४ मध्ये, युईचे दोन कोळी रात्री दुसऱ्याच मासळीला गेले, जाळ्याला बांधायचे तरंगते पिंप न्यायला विसरले त्यामुळे जाळं खोल गेलं आणि वर आलं ते ह्या कोळंबीने भरून. बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी तिथूनच आईला फोन लावून पूर्ण सांगितली. तिने विचारलं किलो काय भाव. भाव सांगितल्यावर म्हणाली चव घेण्यापुरतं आणा.

तिथून कानबारा गावातून चालत गेलो. १९ व्या शतकातला चित्रकार हिरोशिगे, त्याच्या तोकाइदो चित्रमालिकेतलं रात्रीच्या बर्फाचं फार प्रसिद्ध चित्र ह्याच गावाचं आहे, आणि खरंतर इथे हवा उबदार, एवढा बर्फ पडणं फारच दुर्मिळ. जुनी लाकडी जाळीची घरं थोडी उरलीत. ऊन लागत होतं त्यामुळे फार न रेंगाळता पुढे युईला आलो.

युईमध्ये जिथे पूर्वी सरदार लोक उतरायचे त्या वाड्याच्या जागेवर १९९४ पासून हिरोशिगे म्युझियम आहे. सोमवारी बंद असतं. बाहेर घोड्यांना पाणी पाजायचा लांब हौद आहे त्यात आता कासवं आहेत. समोर निळीने कापड रंगवणाऱ्याचं जुनं दुकान, युई शोसेत्सुचं घराणं इथलं असं सांगतात, ज्याने १६५१ मध्ये शोगुनविरुद्ध, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाविरुद्ध, उठावाचा कट केला आणि तो फुटला. पण आम्ही आलो होतो एका चित्रासाठी. हिरोशिगेने १८३३ च्या आसपास काढायला घेतलेल्या ५३ मुक्कामांपैकी युईचं चित्र म्हणजे हाच घाट. उजवीकडे निळंशार आखात, शिडाची गलबतं, मागे फुजी, आणि डावीकडे सरळसोट कडा, त्याच्या अगदी टोकाला दोन-तीन चिमुकली माणसं. बाबा चष्मा कपाळावर चढवून त्या कड्याकडेच बघत होते. म्हणाले "हा मातीचा कडा आहे, दगडाचा नाही. हा कधीतरी आलेला असणार खाली." मी म्हटलं उद्या बघू.

रात्री बंदराजवळ साकुरा एबीचा काकिआगे खाल्ला, म्हणजे आपली खेकडा भजी असते ना तसं, कांद्याऐवजी सगळी कोळंबीच, पीठ जेमतेम चिकटण्यापुरतं. बाबांनी दोन प्लेट खाल्ल्या. मी त्यांना इतकं मन लावून बाहेरचं खाताना फार वेळा पाहिलेलं नाही.

दुसरा दिवस

मे महिन्यात फुजी सकाळी लवकरच दिसतो, नऊ-दहा वाजले की हवा धुरकट होते, म्हणून पाच-सव्वापाचलाच निघालो. युई स्टेशनपासून माथ्यापर्यंत साधारण तासाभराची चाल आहे, आम्हाला पावणेदोन तास लागले कारण बाबा दर शंभर पावलांवर थांबत होते. दमून नाही, बघायला.

सुरुवातीला तेराओ मग कुरासावा अशा वस्त्या लागतात, रस्ता इतका अरुंद की एक गाडी आली तर आपण दाराला चिकटून उभं राहायचं. घाट चढायच्या आधी प्रवासी दम घ्यायचे त्या जागेवर एक जुनं विश्रांतिगृह अजून उभं आहे, शंख आणि समुद्री शिंपले खायला घालायचे म्हणून नावाजलेलं. १८६८ मध्ये यामाओका तेश्शु शोगुनच्या बाजूने सम्राटाच्या फौजेशी बोलणी करायला निघाला तेव्हा त्याला इथल्या माणसांनी लपवून मागच्या वाटेने होडीतून सोडलं असं सांगतात. पुढे तो सम्राटाच्या फौजेच्या साइगोला भेटला आणि एदो शहर रक्तपात न होता ताब्यात दिलं गेलं. त्या घराशेजारीच एदोपासूनच्या ४० व्या कोसाची खूण आहे. त्यांचा कोस म्हणजे री, जवळजवळ ४ किलोमीटरचा. बाबांनी लगेच हिशेब केला, "१५७-५८ किलोमीटर. चालत चार-पाच दिवस."

त्यानंतर एकदम चढ लागतो. डांबरी आहे पण छातीवर येतो. दोन्ही बाजूंना बागा, वरच्या अंगाला संत्र्याची झाडं फुलावर आलेली आणि त्याचा वास असा की बोलावंसंच वाटत नाही. खालच्या अंगाला बिवाची झाडं, म्हणजे लोकाट, प्रत्येक घोसाला कागदाची पिशवी बांधलेली. हजारो पिशव्या, सगळ्या हाताने बांधलेल्या, आणि ते सुद्धा ज्या उतारावर आपण नुसते उभे राहिलो तर गुडघे थरथरतील तिथे. फळं खाली आणायला बागेतून एकच रूळ टाकलेला असतो, त्यावर इंजिनाची छोटी गाडी चालते. बाबा तिथे खाली उकिडवे बसले. रुळाच्या खालच्या बाजूला दाते आहेत, करवतीसारखे, त्यात गाडीचं दातेरी चाक अडकतं म्हणून ती इतक्या चढावर घसरत नाही. बाबांनी बोट फिरवत दाते चाचपले, बोट ग्रीसने काळं झालं, रुमालाला पुसलं. म्हणाले आपल्याकडे बोरघाटाला ३७ फुटाला १ फूट चढ, त्याला सुद्धा कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, आणि इथे बघ, एकटा माणूस संत्री घेऊन चढतोय. त्या रुळापाशी आमची पंधरा मिनिटं गेली आणि मला ती मिनिटं माथ्यावरच्या दृश्याइतकीच लक्षात आहेत.

वाटेत एक फळी होती, त्यावर मोठ्या आंबटगोड संत्र्यांच्या पिशव्या आणि पैशांचा डबा, माणूस कोणी नाही. १०० येन टाकले, एक पिशवी घेतली.

माथा म्हणजे फार उंच काही नाही, वाट जिथून जाते ती जागा समुद्रापासून १०० मीटरच्या आतबाहेर असेल. गाडीतळ आहे, तिथून थोडं पुढे पायवाटेने गेलं की ते दृश्य. फुजी समोर स्वच्छ. पाच-सहा लोक कॅमेरे लावून उभे होते पण कोणी बोलत नव्हतं.

आता नावाबद्दल. सत्ता म्हटल्यावर बाबांनी आदल्या दिवशी विचारलं होतं की कुणाची सत्ता. इथल्या कथेप्रमाणे १२ व्या शतकाच्या शेवटी खालच्या समुद्रात एका कोळ्याच्या जाळ्यात जिझो बोधिसत्त्वाची मूर्ती आली, ती त्यांनी डोंगरावर नेऊन ठेवली आणि डोंगराला नाव पडलं. बोधिसत्त्व हा शब्द संस्कृतातून चीनमार्गे जपानला आला तेव्हा त्यातलं सत्त्व लिहायला जी दोन अक्षरं घेतली, त्यांचा उच्चार जपानीत सत्ता होतो. म्हणजे सत्ता तोगे म्हणजे सत्त्वाचा घाट. मी गेली सात वर्षं जपानमध्ये आहे आणि हे मला गेल्या वर्षी कळलं, तेव्हा अंगावर काटा आला होता. आपण ज्याला सत्त्व म्हणतो, घराचं सत्त्व, माणसाचं सत्त्व, तोच शब्द इतक्या लांब एका डोंगराच्या पाटीवर लिहिलेला आहे. बाबांना वर उभं करून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि हळू आवाजात दोनदा म्हटलं, सत्त्वाचा घाट.

आणि मग ते फुजीकडे नाही, खाली बघायला लागले. खाली डोंगर आणि समुद्र यांच्यात एक चिंचोळी पट्टी उरलीय आणि त्या पट्टीत तोकाइदो रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग १ आणि तोमेइ एक्स्प्रेसवे, तिघेही एकमेकांना खेटून जातात, एक्स्प्रेसवेला तर जागाच नाही म्हणून तो समुद्राच्या बाजूला बाहेर काढलाय. वादळी लाटा आल्या की तो भाग बंद करतात. शिंकान्सेन दिसत नाही कारण ती आपल्या पायाखाली डोंगरातून, जवळजवळ ४ किलोमीटरच्या बोगद्यातून जाते. खंडाळ्याला अमृतांजन पुलापाशी (२०२० मध्ये पाडला तो) उभं राहिलं की घाटाचे रस्ते आणि रेल्वे अशा एकमेकांत गुंतलेल्या दिसायच्या, तसंच, फक्त इथे दरीच्या जागी समुद्र.

पूर्वी तर ही पट्टीसुद्धा नव्हती. डोंगराचा पाय थेट पाण्यात. लोक लाट मागे गेली की पळायचे आणि पुढची यायच्या आत पुढचा खडक गाठायचे. त्या जागेचं नावच होतं ओयाशिराझु कोशिराझु, आईबापाला लेकराची शुद्ध नाही आणि लेकराला आईबापाची नाही, जो तो आपला जीव घेऊन पळतोय. १६५५ मध्ये कोरियाच्या राजाचे दूत येणार होते, त्यांना असं पळवणं बरं दिसत नाही म्हणून डोंगरावरून वाट काढली, तीच ही. मग १८५४ च्या डिसेंबरात मोठा भूकंप झाला, किनारा वर उचलला गेला आणि खाली चालण्याएवढी जमीन उघडी पडली. त्याच्यावरून रस्ता गेला, १८८९ मध्ये रेल्वे आली, १९६९ पर्यंत एक्स्प्रेसवे. देशाची पूर्व-पश्चिम ये-जा बऱ्याच अंशी त्या एका भूकंपाने दिलेल्या पट्टीवरून होते. बोरघाटातली रेल्वे १८६३ ची, बाबा म्हणाले आपली जुनी, पण आपल्याला निदान डोंगर कापायला डोंगर तरी होता.

सैन्यांनासुद्धा ही जागा चुकलेली नाही, १३५१ मध्ये आशिकागा घराण्यातले भाऊ-भाऊ इथेच लढले, १५६८ मध्ये ताकेदा शिंगेन हा सरदार इमागावा घराण्यावर चालून आला तेव्हाही हीच खिंड.

आम्ही संत्री सोलत बसलो होतो तेव्हा बागेतले एक आजोबा आले, सत्तरीच्या आसपासचे, हातात कात्री. मी जपानीत सांगितलं की माझे वडील भारतात रेल्वेत घाटाचं काम बघायचे, तर त्यांनी कात्री खिशात ठेवली आणि बसलेच. त्यांनी दाखवलं, हा उतार १९६१ मध्ये खाली आला होता, पुन्हा १९७४ च्या जुलैमध्ये अतिवृष्टीत, तेव्हा खाली महामार्ग आणि रेल्वे दोन्ही बंद पडले. ते तेव्हा शाळेत होते. मग ते आम्हाला बागेच्या कडेला घेऊन गेले, तिथे काँक्रीटची गोल विहीर, वर जाळीचं झाकण. पाणी प्यायची विहीर नाही ही. डोंगराच्या आत पावसाचं पाणी साठतं, माती फुगते, जड होते आणि सरकते, म्हणून ही विहीर खोल खणून तिच्या भिंतीतून चारही बाजूंना डोंगराच्या पोटात आडव्या नळ्या घातल्यात, पाणी नळ्यांतून विहिरीत येतं आणि विहिरीतून बाहेर काढून देतात. २००५ मध्ये सरकारने इथे हे मोठं काम हाती घेतलं, अशा विहिरी, जोडीला जमिनीत खोल रोवलेले काँक्रीटचे खांब. बाबांनी झाकणावर ओणवं होऊन कान दिला. आत पाणी ठिबकत होतं. मला हाताने खुणावलं, ऐक.

आजोबा म्हणाले, अजूनही जोराचा पाऊस लागला की मला झोप लागत नाही. मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले "त्यांना सांग, मला पण नाही लागत. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली." मी सांगितलं. ते दोघं एकमेकांकडे बघून हसले नाहीत, नुसती मान हलवली, आणि आजोबांनी आपल्या पिशवीतली चार संत्री काढून बाबांच्या हातात दिली. बाबांनी मोबाईलमधला मंकी हिलचा फोटो दाखवला, धुक्यात हिल गँगची माणसं दोराला लटकून सुटे दगड पाडतायत तो. आजोबांनी तो बोटांनी मोठा करून करून बराच वेळ बघितला.

साडेनऊला फुजी धुरकटला, कॅमेरेवाले निघून गेले. आम्ही ओकित्सुच्या बाजूला उतरलो. ह्या बाजूला पायऱ्या आहेत, मग जुनं कब्रस्तान, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा उतार जास्त. बाबांच्या उजव्या गुडघ्याने त्रास दिला, आडवं पाऊल टाकत टाकत उतरले, दीड तास गेला. वयस्कर कोणी बरोबर असेल तर उलट करा, ओकित्सुहून चढून युईला उतरा, तिकडे पायऱ्या नाहीत, पण मग फुजी पाठीमागून नाही तर समोरून येत राहतो हाही फायदाच. खाली ओकित्सु नदी. पूर्वी उन्हाळ्यात हमालांच्या खांद्यावरून ओलांडायची, थंडीत तात्पुरता पूल बांधायचे. हिरोशिगेच्या ओकित्सुच्या चित्रात दोन सुमो पैलवान नदी ओलांडतायत, एक घोड्यावर आणि एक पालखीत.

ओकित्सुला पोचलो, संध्याकाळी गुडघ्याला गरम पाण्याचा शेक, आणि रात्री अकराच्या सुमाराला पाऊस सुरू झाला. दोन वाजता मला जाग आली तर बाबा खिडकीत बसलेले.

तिसरा दिवस

सकाळी पाऊस थांबला होता. स्टेशनपासून चालत सेइकेनजी मंदिरात गेलो. पुढे शोगुन झालेला तोकुगावा इएयासु लहानपणी इमागावांकडे ओलीस होता तेव्हा इथे शिकायला यायचा असं सांगतात, आणि ज्यांच्यासाठी घाटवाट काढली त्या कोरियन दूतांच्या हाताने लिहिलेल्या पाट्या इथे आहेत. मागच्या उतारावर ५०० अर्हतांच्या दगडी मूर्ती, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, शेवाळलेले. पण बाबांचं मंदिर वेगळंच होतं. १८८९ ला रेल्वे आली तेव्हा जागाच नसल्यामुळे ती मंदिराच्या आवारातून गेली, म्हणजे बाहेरचा दरवाजा एकीकडे, मंदिर दुसरीकडे आणि मधून रूळ, वरून छोटा पूल. बाबा त्या पुलावर उभे राहिले. मालगाडी गेली तेव्हा त्यांनी डबे मोजले.

परत निघालो. ओकित्सु ते युई एकच स्टेशन आहे, पाच-सहा मिनिटं. मी त्यांना म्हटलं उजवीकडे बसा, समुद्र दिसेल. ते डावीकडे बसले, डोंगराच्या बाजूला, काचेला नाक लावून. घाट सुरू झाला, खिडकीसमोरून भिंती जायला लागल्या, काँक्रीटच्या, ओल्या, आणि त्यात ओळीने पाणी काढायच्या नळ्यांची तोंडं.

"चालू आहे," बाबा म्हणाले. "बघ, ही पण. ही पण. सगळ्या वाहतायत."